बर्फाला भाव आला, गावाचे काय?

जपान म्हटले की आपल्या वाचकांच्या डोळ्यांसमोर टोकियोच्या उंच इमारती, वाऱ्यासारखी धावणारी रेल्वे आणि भूकंपालाही न डगमगणारी कष्टाळू माणसे उभी राहतात. परंतु जपानच्या अगदी उत्तरेला होक्काइदो नावाचे एक मोठे बेट आहे. तिथे टोकियोची गर्दी नाही. बटाट्याची शेते, दुभती जनावरे, डोंगर आणि वर्षातले चार-पाच महिने बर्फ, असा तो मुलूख. या बेटाच्या पश्चिमेकडे कुत्चान आणि निसेको अशी दोन लहान नगरे शेजारी शेजारी वसली आहेत. कुत्चानची वस्ती पंधरा-सोळा हजारांची, निसेकोची जेमतेम पाच हजारांची. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढीही ही नगरे नाहीत. कुत्चानचे बोधचित्र काय, तर एक हसरा बटाटा!

पण २०१९ साली जपान सरकारने देशभरातल्या जमिनींचे भाव जाहीर केले, तेव्हा भाववाढीत पहिला क्रमांक टोकियोचा आला नाही. तो या बटाट्याच्या गावाचा आला. कुत्चानमधील एका निवासी जागेचा भाव एका वर्षात ५० टक्क्यांनी, तर व्यापारी जागेचा ५८.८ टक्क्यांनी चढला होता. म्हणजे ज्या जागेचे काल शंभर रुपये होते, तिचे आज दीडशे किंवा त्याहून जास्त झाले. हे कशामुळे घडले, त्यात कोणाचे भले झाले आणि कोणाचे घर गेले, हे कष्टकऱ्यांच्या घरातील वाचकांनी जाणून घेण्यासारखे आहे.

आमचा पुतण्या संगणकाच्या नोकरीनिमित्त होक्काइदोची राजधानी साप्पोरो येथे असतो. "काका, काकू, तिकिटाची चिंता करू नका, तुम्ही फक्त या," असा त्याचा दोन वर्षांचा हट्ट होता. म्हणून २०२५ च्या फेब्रुवारीत आम्ही पती-पत्नी तिकडे गेलो आणि तीन दिवस या दोन नगरांत राहिलो.

साप्पोरोहून समुद्रकाठाने ओतारूपर्यंत एक गाडी. तिथे गाडी बदलली की एक-दोन डब्यांची लहान गाडी डोंगरात शिरते आणि कुत्चानला पोचवते. एकूण दोन-सव्वादोन तासांचा प्रवास. दोन्ही बाजूंना घरांच्या खिडक्यांपर्यंत बर्फ. जपानच्या वेगवान शिंकानसेन गाडीचा मार्ग कुत्चानवरून साप्पोरोला नेण्याचे काम चालू आहे. तो मार्ग सुरू झाला की ही जुनी लहान गाडी बंद करून तिच्या जागी बस चालवायची, असे २०२२ मध्ये ठरले. शाळकरी मुले आणि दवाखान्यात जाणारी म्हातारी माणसे या गाडीने येता-जाता आम्ही पाहिली. वेगवान गाडी लांबच्या पाहुण्यांची सोय करील. जवळच्या माणसांची गाडी मात्र जाईल.

बर्फाचा खेळ

सायबेरियातून येणारा गार, कोरडा वारा समुद्रावरून येताना वाफ उचलतो. होक्काइदोच्या डोंगरांना अडला की ती वाफ बर्फ होऊन खाली येते. एका हिवाळ्यात कुत्चान नगरात सरासरी दहा मीटरच्या आसपास बर्फ पडतो आणि उंच उतारांवर त्याहूनही पुष्कळ. हा बर्फ पिठासारखा हलका आणि भुसभुशीत असतो. पायांना लांब पट्ट्या बांधून उतारावरून घसरत जाण्याचा जो स्कीचा खेळ आहे, त्याच्या शौकिनांना असा बर्फ जगात फार थोड्या ठिकाणी मिळतो. समोर १,८९८ मीटर उंचीचा योतेई पर्वत. फुजी पर्वताचा धाकटा भाऊ शोभावा असा!

१९१२ साली लेर्ख नावाचा ऑस्ट्रियाचा लष्करी अधिकारी या पर्वतावर स्कीने चढला-उतरला. १९६१ मध्ये हिराफू या कुत्चानच्या वाडीत माणसांना उतारावर वर नेणारी लिफ्ट, म्हणजे तारेवरची खुर्ची, सुरू झाली. शेतकरी कुटुंबांनी आणि शहरातून आलेल्या काही हौशी जोडप्यांनी लहान लहान खानावळवजा निवासगृहे काढली. तिकडे त्यांना 'पेन्शन' म्हणतात. घरच्याच बाईच्या हातचे जेवण, आठ-दहा खोल्या, हिवाळ्यात पाहुणे आणि उन्हाळ्यात बटाटे. शेतकऱ्यांना हिवाळ्यात लिफ्टवर काम मिळू लागले, त्यामुळे मजुरीसाठी घर सोडून दूर जाण्याची पाळी कमी झाली. त्या काळी बाहेरचा पैसा येत होता तो जपानमधल्याच मोठ्या कंपन्यांचा.

मग १९९० नंतर जपानच्या अर्थव्यवस्थेचा फुगा फुटला. जपानमध्ये स्की खेळणारांची संख्या १९९३ च्या सुमारास पावणेदोन कोटींच्या वर होती. ती पुढे घसरतच गेली. निवासगृहे ओस पडू लागली, मालक म्हातारे झाले, मुले शहरांत गेली आणि डोक्यावर बँकेचे कर्ज राहिले. बाहेरचा पैसा आला तो अशा भुकेल्या दारात आला, हे ध्यानात ठेवले पाहिजे. एरवी आपण उगाचच गावाला दोष देऊ.

पाहुणे आले, मालक झाले

पहिले आले ते ऑस्ट्रेलियन. २००१ मध्ये अमेरिकेवर हल्ला झाल्यावर तिकडच्या पुष्कळ लोकांनी अमेरिका-कॅनडाचा रस्ता सोडला आणि जपानची वाट धरली. बर्फ उत्तम, वेळेचा फरक एक-दोन तासांचा आणि त्यांच्या मानाने जागा फुकटात मिळाल्यासारखी. एक आला, त्याने दहांना सांगितले. जपानमध्ये परदेशी माणसाला जमीन विकत घेण्यास बंदी नव्हती. पाहुणा म्हणून आलेला माणूस दुसऱ्या वर्षी ग्राहक झाला आणि तिसऱ्या वर्षी मालक.

त्यांच्या मागून मोठा पैसा आला. हानाझोनो येथील स्कीचे उतार २००४ मध्ये एका ऑस्ट्रेलियन कंपनीकडे आणि २००७ मध्ये हाँगकाँगच्या पॅसिफिक सेंच्युरी समूहाकडे गेले. शेजारच्या हिगाशियामाचे हॉटेल आणि उतार जपानी सेइबू समूहाकडून अमेरिकेच्या सिटीग्रुपकडे आणि २०१० मध्ये मलेशियाच्या वायटीएल समूहाकडे गेले. २०२० मध्ये पार्क हयात आणि रिट्झ-कार्लटन या नावांची श्रीमंती हॉटेले एकाच वर्षात उघडली. डोंगर तिथेच राहिला, बर्फ तिथेच पडत राहिला. मालकाचा पत्ता मात्र दर काही वर्षांनी बदलत गेला.

आज हिराफूच्या मुख्य चढणीवर उभे राहिले की आपण जपानमध्ये आहोत हे समजायला वेळ लागतो. पाट्या इंग्रजीत, दुकानदार इंग्रजीत बोलणारा. एका बाजूला काचेच्या भिंतींचे सदनिकांचे मनोरे. त्यांतल्या बऱ्याच सदनिका हाँगकाँग, सिंगापूरकडच्या लोकांच्या. ते वर्षातून आठ-पंधरा दिवस येतात आणि उरलेल्या दिवसांत सदनिका भाड्याने दिली जाते. भाड्याचा पैसाही तिकडेच जातो. रस्त्याखालून ऊब देऊन बर्फ वितळवण्याची सोय आहे. पाहुण्यांचा पाय घसरू नये ना!

एका फिरत्या गाडीवर नूडल्सचा कटोरा तीन हजार येनला होता. म्हणजे आपले सोळाशे-सतराशे रुपये! जपानमध्ये इतरत्र हजार येनच्या आत पोटभर नूडल्स मिळतात. त्यापुढे भाव गेला तर जपानी गिऱ्हाईक नाक मुरडते. आमच्या पत्नींनी पाटी वाचली, मुकाट्याने पिशवीतून पोळी-भाजीचा डबा काढला आणि आम्ही तिघांनी बसथांब्यावर तो संपवला. आजूबाजूच्या गोऱ्या पोरांनी आमच्या शेंगदाण्याच्या चटणीकडे कुतूहलाने पाहिले, हा त्या दिवशीचा आमचा मान!

जमा आणि नावे

आम्ही पेशाने कारकून. आयुष्य जमाखर्चाच्या वह्या लिहिण्यात गेले. म्हणून या गावाचाही हिशेब मांडून पाहतो.

जमेची बाजू आधी. ओस पडलेली निवासगृहे विकली गेली आणि पुष्कळ म्हाताऱ्या मालकांचे कर्ज फिटले. जमिनीचे भाव चढले तसे नगराचे मालमत्ता कराचे उत्पन्न वाढले. बांधकाम, वाहतूक, बर्फ काढणे, साफसफाई अशी कामे वाढली. होक्काइदोत २०२४ च्या ऑक्टोबरपासून किमान वेतन तासाला १,०१० येन होते, तर या भागात हिवाळ्यात हॉटेलच्या साफसफाईला दोन हजार येनपर्यंत दर दिला जात होता. झाडू मारणाऱ्या हाताला दुप्पट दाम! हे आम्ही आनंदानेच लिहितो. एका ऑस्ट्रेलियन रहिवाशाने १९९५ मध्ये नदीत होड्या चालवण्याचा उद्योग काढला, तेव्हापासून उन्हाळ्यातही पाहुणे येऊ लागले.

आता नावे बाजू. जमिनीचा भाव चढला म्हणजे जमीन न विकणाऱ्याचाही कर चढतो. उत्पन्न तेच, घर तेच, पण सरकारी कागदावर आपण श्रीमंत झालेलो असतो. भाडी वाढली, कारण घरमालकाला हॉटेलकडून कामगारांसाठी जास्त पैसे मिळतात. मग शाळेचा शिक्षक, बसचालक, दवाखान्यातील परिचारिका यांनी राहायचे कुठे? दोन हजार येनचा दर हॉटेलला परवडतो, पण म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन त्यांची सेवा करणाऱ्या संस्थेला परवडत नाही. तिचे दर सरकारने बांधून दिलेले असतात. परिणामी अशा संस्थांना माणसे मिळेनाशी झाली. ज्या आजीने उमेदीच्या काळात पाहुण्यांच्या गाद्या घातल्या, तिला आज अंथरुणातून उठवायला हात मिळत नाही. झाडू मारणाऱ्याची मजुरी वाढली हे चांगलेच झाले. वाईट हे की सेवेची मजुरी वाढवायला कोणी पुढे आले नाही.

आम्ही उतरलो होतो त्या जुन्या निवासगृहाच्या मालकीणबाई सत्तरीच्या पुढच्या. पुतण्याने त्यांचे बोलणे आम्हांला समजावून सांगितले. त्या म्हणाल्या, "गिऱ्हाईक वाढले, शेजारी कमी झाले." त्यांच्या आळीतील बहुतेक घरे विकली गेली आहेत. हिवाळ्यात प्रत्येक खिडकीत दिवा असतो आणि उन्हाळ्यात रात्री बघावे तर सगळ्या आळीत त्यांचा एकटीचा. दलाल वर्षातून दोनदा येऊन जमिनीचा भाव सांगून जातो. त्या त्याला चहा देतात आणि परत पाठवतात.

बाहेरच्या पैशावर उभ्या असलेल्या गावाची नाडी किती नाजूक असते हे २०२० मध्ये दिसले. साथीमुळे जपानने सीमा बंद केल्या आणि त्या ऑक्टोबर २०२२ पर्यंत पुरत्या उघडल्या नाहीत. बर्फ नेहमीसारखाच पडला, पण हिराफूचा रस्ता रिकामा. पुढे सीमा उघडल्या, येनची किंमत घसरली आणि परदेशी पाहुण्यांना सारे आणखी स्वस्त झाले. त्याच येनमध्ये पगार घेणाऱ्या जपानी कुटुंबाला मात्र आपल्याच डोंगरावर मुलांना नेणे महाग झाले.

कामाला हवेत, शेजाराला नकोत

एका उपाहारगृहात नेपाळचा एक तरुण आचारी भेटला. आम्ही हिंदीत बोललो तसा त्याचा चेहरा उजळला. तो म्हणाला, "साहब, पगार अच्छा है, पर रहने की जगह नहीं है।" एका खोलीत चौघे राहत होते. हिवाळ्याच्या हंगामात कुत्चानमध्ये परदेशी रहिवाशांची संख्या दोन हजारांच्या वर जाते. त्यांत मालक थोडे, कामगार जास्त. खाट आवरणारे, ताटे धुणारे, बर्फ उपसणारे, स्की शिकवणारे.

आम्ही परतल्यावर त्याच वर्षी बातमी आली की कुत्चानमध्ये सुमारे १,२०० परदेशी कामगारांसाठी शेतजमिनीवर वसाहत बांधण्याचा प्रस्ताव आहे आणि त्याला रहिवाशांचा मोठा विरोध होत आहे. विरोधाची काही कारणे रास्त आहेत. लहान गावात एकाच जागी एवढी वस्ती आणि तीही पिकाऊ जमिनीवर, याचा विचार गावाने केलाच पाहिजे. परंतु विरोधात भीतीचा सूरही होता. ताट धुवायला हात हवा, पण तो हात ज्या माणसाचा, तो शेजारी नको. वस्ती गावाबाहेर असण्याचा अर्थ काय असतो हे आपल्या वाचकांना आम्ही सांगायला नको. डोंगर विकत घेणाऱ्याचे जे स्वागत झाले, ते डोंगरावर राबणाऱ्याच्या वाट्याला आले नाही. त्याच वर्षी योतेई पर्वताच्या पायथ्याशी सुमारे चार हेक्टर जंगल विनापरवाना तोडल्याचे उघड झाले आणि होक्काइदो सरकारला काम थांबवावे लागले.

आरिशिमांची जमीन

या सगळ्यात आमच्या मनात घर करून राहिली ती निसेको नगरातली एक जुनी गोष्ट.

मुळात हा मुलूख आयनू नावाच्या आदिवासी लोकांचा. निसेको, कुत्चान ही नावे त्यांच्याच भाषेतून आली आहेत. १८६९ नंतर जपान सरकारने होक्काइदो आपल्या ताब्यात घट्ट केले, जमिनी वाटल्या आणि आयनूंची शिकार, मासेमारी व भाषा मागे रेटली गेली. आयनू हे इथले मूळ रहिवासी आहेत, असे कायद्यात लिहायला २०१९ साल उजाडावे लागले. तेव्हा बाहेरच्यांनी येऊन जमीन घेणे इथे आजचे नाही, हे आधी नमूद करतो.

त्या वाटपात एका सरकारी अधिकाऱ्याला या भागात मोठी जमीन मिळाली. ती पुढे त्याचा मुलगा ताकेओ आरिशिमा याच्याकडे आली. हे आरिशिमा जपानचे नामवंत लेखक. सुमारे साडेचारशे हेक्टरांवर कुळे राबत होती आणि खंड भरत होती. कोकणात ज्यांच्या आजा-पणज्यांनी खोती सोसली, त्यांना कुळाचे जिणे समजावून सांगण्याची गरज नाही. आरिशिमांनी १९१७ मध्ये या कुळांच्या हालांवर कादंबरीही लिहिली. पण ते कादंबरी लिहून थांबले नाहीत. १९२२ च्या जुलैमध्ये त्यांनी कुळांना देवळात एकत्र बोलावले आणि सारी जमीन एक पैसाही न घेता त्यांच्या स्वाधीन करीत असल्याचे सांगितले. अट एकच होती. जमीन एकेकट्याच्या नावावर तुकडे करून घ्यायची नाही, सर्वांनी मिळून सामाईक ठेवायची. हवा, पाणी आणि माती ही साऱ्या माणसांच्या उपयोगाची आहेत, एकट्याच्या फायद्यासाठी नाहीत, असा त्यांचा विचार होता. पुढच्याच वर्षी आरिशिमा गेले. कुळांनी १९२४ मध्ये सामाईक शेतीची संस्था उभी केली आणि ती पाव शतक चालवली. महायुद्धानंतरच्या जमीन सुधारणेत १९४९ साली ती विसर्जित झाली व जमीन ज्याच्या त्याच्या नावावर झाली.

आज त्या जागी आरिशिमांचे स्मारक-संग्रहालय आहे. आम्ही गेलो त्या दिवशी तिथे आमच्याशिवाय दोनच माणसे होती. तिथून काही मैलांवर लिफ्टसमोर शेकडो लोकांची रांग होती.

गावाने काय केले?

निराश होऊन परतावे असे मात्र हे गाव नाही. परस्परांना साहाय्य करण्याचा आरिशिमांचा वारसा निसेको नगर आजही सांगते आणि त्यानुसार काही कामेही झाली आहेत. गावाचा कारभार कसा चालावा याचा मूलभूत नियम निसेकोने २००१ मध्ये अमलात आणला. असा नियम करणारे ते जपानमधले पहिले नगर. नगरपालिकेची माहिती मिळणे हा त्यात रहिवाशांचा हक्क मानला आहे. मोठे बांधकाम करणाऱ्याने आधी गावकऱ्यांपुढे येऊन योजना समजावून सांगितली पाहिजे, असाही नियम झाला. २०११ मध्ये पाण्याचे उगम आणि भूजल यांच्या रक्षणाचे नियम केले, कारण जमिनीबरोबर पाणीही विकले जाईल ही भीती होती. कुत्चानने नोव्हेंबर २०१९ पासून पाहुण्यांच्या राहण्याच्या बिलावर २ टक्के कर बसवला. शंभराची खोली घेणाऱ्याने दोन द्यावेत, दहा हजारांची घेणाऱ्याने दोनशे. जपानमध्ये टक्केवारीने असा कर बसवणारे ते पहिलेच नगर. निसेकोनेही २०२४ मध्ये पाहुण्यांच्या राहण्यावर कर सुरू केला.

हे पुरेसे आहे का? नाही. कराच्या पैशातून कामगारांना, शिक्षकांना, सेवा करणाऱ्या बायांना परवडेल अशी घरे जोवर उभी राहत नाहीत, तोवर गाव हळूहळू हॉटेलचे अंगणच होत जाणार. परंतु एक गोष्ट आम्हांला तिथे स्पष्ट दिसली. जी शेतजमीन अजून टिकून आहे, ती मालकांच्या चांगुलपणावर टिकलेली नाही. शेतजमीन बिगरशेतकऱ्याला सहजासहजी विकता येऊ नये असा कायदा जपानमध्ये १९५२ पासून आहे आणि गावागावांत शेतकऱ्यांची समिती बसून प्रत्येक अर्ज तपासते. जिथे कायदा आणि समिती जागी, तिथे बटाटा. जिथे नाही, तिथे काचेचा मनोरा.

बाहेरचा पैसा वाईट नसतो. तो भुकेल्या दारात आला तर त्याला कोणी हाकलूनही देत नाही. पण पैसा येण्याआधी गावाने आपल्या अटी लिहून ठेवलेल्या असाव्या लागतात. पाणी कोणाचे, रस्ता कोणाचा, राबणाऱ्याने राहायचे कुठे आणि नफ्यातला किती हिस्सा गावात थांबायचा, हे सारे आधी ठरावे लागते. भाव आल्यावर अटी घालायला गेले तर समोरचा वकील घेऊन येतो. म्हणून वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या गावच्या माळावर उद्या एखादा मोटारवाला येऊन भाव विचारू लागला, तर त्या दिवशी ग्रामसभेला घरातील एक तरी माणूस, शक्यतो बाईमाणूस, हजर असू द्या. कागद नीट वाचून घ्या. आणि गावात राबायला येणाऱ्या परक्या माणसाच्या निवाऱ्याचा प्रश्न त्याच सभेत, त्याच दिवशी मांडा. तो प्रश्न मांडायला आपल्याइतका लायक माणूस दुसरा नाही.